कलम ४१ ते नमुना ४ : महाराष्ट्राच्या रोजगार हमीचे प्रकरण

महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम, १९७७ उघडला की उद्देशिकेतच राज्यघटनेचे कलम ४१ भेटते. त्या कलमात सांगितलेला कामाचा हक्क मिळवून देण्यासाठी परिणामकारक तरतूद करणे इष्ट आहे, म्हणून हा कायदा, असे तिथे स्पष्ट नोंदवलेले आहे. मार्गदर्शक तत्त्वांबद्दल आपल्याकडे बहुधा दोनच ठिकाणी बोलले जाते. शाळेत ती पाठ करायची यादी असते आणि कोर्टाच्या आवारात ‘त्यावर दावा चालत नाही’ म्हणून ती एका वाक्यात निकाली निघतात. एका राज्याने त्यातले एक तत्त्व उचलले, त्याला मुदत घातली, पैसा जोडला आणि बांधावरच्या मजुराच्या हाती अर्जाचा नमुना दिला. पुढे काय घडले आणि कुठे बिनसले, हे शोधायला रोजगार हमीइतके बोलके प्रकरण माझ्या माहितीत दुसरे नाही.

कलम ४१ चा मजकूर असा : राज्य आपल्या आर्थिक क्षमतेच्या आणि विकासाच्या मर्यादेत कामाचा, शिक्षणाचा आणि बेकारी, वार्धक्य, आजारपण, अपंगत्व व स्वतःचा दोष नसताना ओढवलेल्या अन्य हलाखीच्या प्रसंगी सरकारी साहाय्याचा हक्क मिळवून देण्यासाठी परिणामकारक तरतूद करील. त्याच्या चार कलमे आधी, ३७ व्या कलमात, सगळ्याच मार्गदर्शक तत्त्वांची कायदेशीर अवस्था सांगून ठेवली आहे. न्यायालयामार्फत त्यांची अंमलबजावणी करून घेता येणार नाही, तरीही देशाच्या कारभारात ती मूलभूत आहेत आणि कायदे करताना ती लागू करणे हे राज्याचे कर्तव्य राहील.

आयर्लंडच्या १९३७ च्या राज्यघटनेवरून घेतलेली ही रचना संविधान सभेत सगळ्यांना पटली नव्हती. के. टी. शहा यांनी तिला, बँकेला जमेल तेव्हाच वटणाऱ्या धनादेशाची उपमा दिली. टी. टी. कृष्णम्माचारी तर या भागाला भावनांची कचराकुंडीच म्हणाले. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी याचे उत्तर आधीच देऊन ठेवले होते. सत्ता ज्याच्या हाती येईल त्याला या सूचना डावलता येणार नाहीत. तो त्यांचा भंग करील तर कोर्टात त्याला जाब द्यावा लागणार नाही, पण निवडणुकीच्या वेळी मतदारांपुढे मात्र नक्की द्यावा लागेल, असा त्यांचा युक्तिवाद होता. शहांची उपमा आणि आंबेडकरांचे उत्तर, या दोहोंची परीक्षा पंचवीस वर्षांनी महाराष्ट्राच्या दुष्काळी पट्ट्यात झाली.

विसापूर आणि बहात्तर

वि. स. पागे हे सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातील विसापूरचे. स्वातंत्र्यचळवळीतले कार्यकर्ते आणि १९६० ते १९७८ या काळात विधान परिषदेचे सभापती. गावातच, शिवारातच, गावाच्या कामी येणारी कामे काढून हाताला काम द्यावे, हा प्रयोग त्यांनी १९६५ च्या सुमारास आपल्याच भागात सुरू केला. जिरायत शेतीत पेरणी, खुरपणी आणि काढणी सोडली तर वर्षातले कित्येक महिने मजुराला काम नसते, आणि त्याच महिन्यांत बांध, ताली, नाले, तलाव यांची कामे पडून असतात. या दोन गोष्टींची सांगड घालणे एवढाच पाग्यांचा विचार होता. पुढे ‘मागेल त्याला काम’ या तीन शब्दांत तो घराघरांत पोचला. १९७२ मध्ये राज्य सरकारच्या पंधरा कलमी कार्यक्रमात रोजगार हमी योजना आली, तेव्हा वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते.

योजना जाहीर झाली आणि पाऊस गेला. बहात्तरच्या दुष्काळाआधीची दोन वर्षेही अनेक जिल्ह्यांत ओढाताणीचीच होती. हमी योजना बाजूला राहिली आणि सगळी यंत्रणा टंचाईच्या कामांना जुंपली गेली. मे १९७३ मध्ये या कामांवर रोज पन्नास लाखांच्या घरात माणसे होती. १९७१ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या पाच कोटी होती, हे लक्षात घेतले म्हणजे आकड्याचा आवाका कळतो. त्या पिढीच्या बोलण्यात आजही खडी फोडणे, खायला मिळणारी सुकडी आणि रेशनवरचा तांबडा मिलो (ज्वारीसारखे धान्य) येतो. पाझर तलाव, नालाबांध आणि रस्ते यांची फार मोठी कामे त्या एका वर्षात उभी राहिली आणि मोठ्या प्रमाणावरचे भूकबळी टळले.

टंचाईची कामे इंग्रजांच्या काळापासून चालत आली होती. १८७७ मध्ये मुंबई इलाख्यात रिचर्ड टेंपल या इंग्रज अधिकाऱ्याने दुष्काळी कामावरची मजुरी घटवली, तेव्हा मजुरांनी काम बंद ठेवले होते आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली होती. म्हणजे दुष्काळी कामावर मजुरी कमी मिळते म्हणून भांडण्याची परंपरा इथे शंभर वर्षांची होती. मात्र दुष्काळ जाहीर करायचा की नाही, हे नेहमी सरकार ठरवी. कामे काढायची तेव्हा सरकार काढी, बंद करायची तेव्हा बंद करी. बहात्तरनंतर मागणी पुढे आली ती अशी, की दुष्काळ असो वा नसो, काम मागण्याचा अधिकार मजुराकडे असावा. आणेवारीवर, म्हणजे पिकाच्या सरकारी अंदाजावर, अवलंबून नसलेले काम हा कलम ४१ च्या दिशेने पडलेला पहिला खरा टप्पा होता, असे मी मानतो.

पैसा कुठून आला

या प्रकरणाचा सगळ्यात कमी सांगितला जाणारा आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा भाग इथे आहे. ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ हे शब्द कलम ४१ मधली पळवाट समजले जातात. तिजोरी रिकामी आहे, म्हणून तत्त्व बाजूला, असे म्हणण्याची सोय त्यांत आहेच. महाराष्ट्राने १९७५ मध्ये ही मर्यादा सरकवली. रोजगार हमीसाठी म्हणून नवे कर बसवले. व्यवसाय, व्यापार, आजीविका व नोकऱ्यांवरील कराचा कायदा त्या वर्षीचा. नोकरदाराच्या पगारपत्रकात दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये, वर्षाला २,५०० रुपये कापले जातात, ती ‘व्यवसाय कर’ची ओळ याच कायद्याची. (राज्यघटनेच्या कलम २७६ नुसार या कराची कमाल मर्यादा तेव्हा वर्षाला २५० रुपये होती, ती १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने २,५०० झाली आणि अजून तिथेच आहे.) याशिवाय शहरांतल्या बिगरनिवासी मालमत्तांवर रोजगार हमी उपकर आला, बागायती जमिनीवर आकारणी आली, मोटारवाहन कर आणि विक्रीकरावर अधिभार आला. कायद्याने स्वतंत्र रोजगार हमी निधी उभा केला आणि या करांतून जेवढे जमेल तेवढीच रक्कम राज्याने आपल्या बाजूने त्यात घालावी, अशी तरतूद केली.

फोर्टमधल्या कचेरीचा घरपट्टीतला उपकर आटपाडीच्या पाझर तलावावरच्या मजुरीला जोडला गेला. शहांच्या उपमेतली बँक इथे खात्यात पैसे कधी येतात याची वाट पाहत बसली नाही. क्षमता ठरावीक नसते, ती कर बसवून वाढवता येते आणि कर बसवायचा की नाही हा राजकीय निर्णय असतो. मार्गदर्शक तत्त्वांना पैशांअभावी हात लावता येत नाही, असे कोणी म्हणाले की मला ही व्यवसाय कराची ओळ पुढे करावीशी वाटते.

हा निर्णय सहज झाला असे मात्र नाही. त्यामागे सगळ्यांच्या सोयीची एक मांडणी होती. मजुराला मजुरी मिळणार होती. जमीनवाल्याला तलाव, बंधारे, रस्ते आणि विहिरींना वाढलेले पाणी मिळणार होते. कराचा मोठा भार शहरावर, त्यातही मुंबईवर पडणार होता. दुष्काळात गाव सोडून शहराच्या फुटपाथवर येणारे लोंढे थांबतील, ही शहराचीही आशा होती. जमीनवाल्यांना एकच धास्ती होती : सरकारी कामामुळे शेतावर मजूर महाग होईल. म्हणून कायदा ग्रामीण भागापुरता, अंगमेहनतीच्या अकुशल कामापुरता राहिला आणि सुगीत सरकारी काम शक्यतो काढू नये असा प्रघात पडला. विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी विधेयक एकमताने मंजूर केले. २६ जानेवारी १९७९ पासून कायदा अमलात आला.

कायद्याने नेमके काय दिले

ग्रामीण भागातल्या प्रत्येक प्रौढ व्यक्तीने अंगमेहनतीचे काम मागितले की तिला ते मिळेल. कुटुंबाला एक काम असा हिशेब नव्हता आणि वर्षात किती दिवस अशी मर्यादाही नव्हती. अर्ज केल्यापासून पंधरा दिवसांत काम न दिल्यास बेकारभत्ता द्यायचा. तो सुरुवातीला दिवसाला किमान १ रुपया होता. खर्चातला किमान ६० टक्के भाग मजुरीवर गेला पाहिजे. कामावर पिण्याचे पाणी, सावली, प्रथमोपचार आणि लहान मुलांना सांभाळण्याची सोय हवी. बाईला आणि पुरुषाला दर एकच. यातल्या शेवटच्या तरतुदीत कलम ३९ मधले समान कामाला समान वेतनाचे तत्त्वही आपोआप उतरले आणि कामांवर बायकांची गर्दी झाली. शेतावर बाईला पुरुषाच्या निम्मी मजुरी मिळण्याच्या काळात ही साधी गोष्ट नव्हती.

हमीला मर्यादाही होत्या. हमी जिल्ह्यापुरती होती. घराजवळच्या कामाची नव्हती. शक्यतो पाच किलोमीटरच्या आत काम द्यावे असे होते, पण लांबचे काम दिले आणि मजुराने ते नाकारले तर बेकारभत्त्याचा हक्क जाई. नवे काम सुरू करायला साधारणपणे पन्नास मजूर लागत. पाच-दहा घरांच्या वाडीतल्या, पाड्यावरच्या माणसांना ही अट नडली.

आता कामाच्या जागेवर जाऊ, कारण हक्काचे खरे माप तिथे पडते. सकाळी फक्कीने (पांढऱ्या भुकटीने) आखणी होई आणि टोळीला चौकड्या, म्हणजे खणायचे आखलेले चौकोन, वाटून दिल्या जात. पुरुष टिकावाने खणत, बाया पाट्या भरून भरावावर नेत. खणताना मधोमध मातीचा एक खुंट न खणता तसाच ठेवायचा, म्हणजे मोजणीच्या दिवशी खोली किती गेली ते त्यावरून कळते. मजुरी दिवसावर नव्हती, मापावर होती. मऊ माती, कठीण मुरूम आणि खडक यांचे दर वेगळे. माती किती लांब वाहिली आणि किती उंच चढवली, यावर दर आणखी बदलत. मोजमाप पुस्तिकेत ‘मुरूम’ लिहायचे की ‘मऊ माती’, हे अभियंत्याच्या पेनावर असे आणि आठवड्याच्या मजुरीत त्याने मोठा फरक पडे. मोजणी लांबली आणि मधे पाऊस झाला तर चौकडी भरून जाई आणि खुंटही ढासळे. टोळीची मजुरी एकत्र निघाली की ती बहुतेकदा पुरुषाच्या हाती पडे. समान दर कागदावर असूनही बाईचा पैसा तिच्या हातात पडेलच असे नव्हते. हजेरीपत्रकावर नसलेली नावे चढवणे, हजर माणसाचे दिवस कापणे, मुकादमाने हात ओले करून घेणे, हे प्रकार इतके बोकाळले की ‘रोहयो’ (रोजगार हमी योजना) म्हटले की अनेकांना आधी बोगस हजेरीपत्रकच आठवे.

तरीही आकडे सांगतात की लोक कामावर येत होते. १९७९-८० मध्ये वीस कोटींच्या आसपास मनुष्यदिवसांचे (एका माणसाचे एक दिवसाचे काम म्हणजे एक मनुष्यदिवस) काम झाले. देशातल्या कुठल्याही राज्याने तोवर एवढ्या प्रमाणावर, मागणीवर आधारलेले काम दिले नव्हते.

पोच

कायद्याचा सगळा भार एका तारखेवर होता. पंधरा दिवस मोजायचे तर कधीपासून? नमुना ४ या अर्जावर मजुराने काम मागितले आणि त्याला तारखेसह पोच मिळाली, तर सोळाव्या दिवशी सरकार कायद्याने देणे लागते. पोच नसेल तर अर्जच झालेला नसतो. बेकारभत्ता प्रत्यक्षात क्वचितच दिला गेला, याचे मुख्य कारण मला इथे दिसते. तलाठी किंवा ग्रामसेवक अर्ज घेत नसे, ‘काम निघाले की सांगतो’ म्हणत असे, आणि शिकलेला माणूस बरोबर नसला तर विषय तिथेच संपे. जिथे शेतमजुरांच्या संघटना होत्या, तिथे शे-दोनशे अर्ज एकदम तहसील कचेरीत नेऊन प्रत्येकाची पोच घेतल्याशिवाय न हलण्याची रीत पडली. अशा ठिकाणी कामे निघाली. संघटना नव्हत्या तिथे कायदा तोच असूनही कामे निघण्याची खात्री नव्हती. आंबेडकरांनी म्हटलेला जाब पाच वर्षांनी मतपेटीत मागायचा असतो. इथे मजुरांनी तो तहसीलदाराच्या टेबलासमोर, दर पंधरवड्याला मागायला सुरुवात केली.

दुसरी कसोटी मजुरीच्या दराची होती. १९८३ मध्ये राजस्थानातल्या दुष्काळी कामांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की किमान वेतनापेक्षा कमी देऊन करून घेतलेले काम ही कलम २३ ने बंदी घातलेली वेठबिगारी होय. दुष्काळी काम म्हणून त्यातून सूट नाही. १९८८ मध्ये महाराष्ट्रात शेतीचे किमान वेतन जवळजवळ दुप्पट झाले आणि रोजगार हमीचा दर त्याच्या बरोबरीला आला. सात तास इमानाने काम केले तर शेतीच्या किमान वेतनाइतके पडावेत, असे दर बसवले गेले. न्याय्यच होते ते. पण त्यानंतर मनुष्यदिवस घसरून दहा कोटींच्या खाली आले. शेतीची एक-दोन वर्षे बरी गेल्याने मागणी घटली असे सरकारी बाजू म्हणे. अर्थशास्त्रज्ञांनी महिनावार आकडे तपासले, तेव्हा मजुरी वाढल्यावर कामाचा पुरवठाच आवळला गेल्याची चिन्हे त्यांना दिसली. कायद्यात खर्चाला मर्यादा घालण्याची सोय नव्हती, म्हणून ती मर्यादा नवी कामे न काढून आणि अर्ज न घेऊन घातली गेली. पुढे अनेक वर्षे निधीत वसुली जास्त आणि खर्च कमी, असे चित्र राहिले. व्यवसाय कर कापला जात होता, काम मागणाराही होता, आणि तरी पैसा मजुरापर्यंत पोचत नव्हता. इथे क्षमतेच्या मर्यादेचा आडोसाही उरत नाही.

१९९० पासून फळबाग लागवड रोजगार हमीला जोडली गेली. कोकणात आंबा-काजू, देशावर बोर आणि डाळिंब अशा बागा हजारो शेतकऱ्यांनी या पैशातून उभ्या केल्या. बागा चांगल्या झाल्या, यात शंका नाही. पण ज्याला जमीन नाही, त्याच्या नावाने उभारलेल्या निधीतला वाटा जमीनवाल्याकडे वळला, ही गोष्ट त्या काळच्या कौतुकात बाजूला पडली.

न्यायालय आणि दिल्ली

न्यायालयांनी कलम ४१ कडे कधीच पाहिले नाही, असे नव्हे. मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांच्या १९८५ च्या खटल्यात सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या घटनापीठाने कलम ३९ आणि ४१ चा आधार घेत उपजीविकेचा हक्क कलम २१ च्या जगण्याच्या हक्कात धरला. मात्र १९९२ मध्ये दिल्लीच्या उद्यान कामगारांच्या खटल्यात न्या. पी. बी. सावंत यांनी लिहिलेल्या निकालात न्यायालय तिथवर गेले नाही. कामाचा हक्क मूलभूत हक्कांत घालणे देशाला अजून शक्य झालेले नाही, तो कलम ४१ मध्ये आर्थिक क्षमतेच्या अटीसह आहे, असा त्या निकालाचा रोख होता. या दोन निकालांमधल्या जागेत मजुराला उभे राहायला फारशी जमीन नाही. महाराष्ट्रातला मजूर मात्र १९७९ पासूनच कलम २१ कडे न जाता थेट राज्याच्या अधिनियमावर बोट ठेवू शकत होता. मार्गदर्शक तत्त्व न्यायालयात चालत नसले तरी त्याच्यासाठी केलेला कायदा चालतो, हा इतका सरळ मार्ग बाकीच्या राज्यांनी तीस वर्षे का धरला नाही, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

संसदेने राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा केला तो २००५ मध्ये; २ फेब्रुवारी २००६ पासून तो २०० जिल्ह्यांत सुरू झाला. महाराष्ट्राचा अनुभव त्याच्या मुळाशी होता : पंधरा दिवसांची मुदत, बेकारभत्ता, साठ टक्के मजुरी, पाच किलोमीटर, पाळणाघर, सगळे ओळखीचे. त्यात काही गोष्टी अधिक चांगल्या झाल्या. जॉब कार्ड मजुराच्या हाती आले, सामाजिक अंकेक्षण (लोकांसमोर होणारी कामांची आणि हिशेबाची तपासणी) आले, ग्रामसभेला अधिकार मिळाला. पण महाराष्ट्रात हक्क प्रत्येक प्रौढाचा आणि बारमाही होता. केंद्रात तो कुटुंबाला वर्षाला शंभर दिवस असा झाला. घरात नवरा-बायको आणि दोन तरणी मुले असतील तर चौघांत शंभर. महाराष्ट्राने २००६ मध्ये आपला अधिनियम दुरुस्त करून केंद्राच्या योजनेशी जोडून घेतला आणि शंभर दिवसांपुढच्या कामाचा भार राज्याच्या निधीवर ठेवला.

केंद्राच्या २००५ च्या कायद्याच्या उद्देशिकेत उपजीविकेच्या सुरक्षिततेत वाढ करण्याची भाषा आहे. कलम ४१ चा उल्लेख नाही. तो हवा होता. हक्काचा उगम राज्यघटनेत दाखवला की पुढच्या सरकारला तो कमी करताना त्या कलमाशी भिडावे लागते. योजना म्हणून दिलेले कमी करायला अंदाजपत्रकातली एक आकडेवारी पुरते.